नगर बससेवा कंत्राट

शहराच्या हद्दीत व लगतच्या उपनगरांत नियमित प्रवासी बसवाहतूक चालविण्यासाठी महानगरपालिका किंवा शासननियुक्त परिवहन प्राधिकरण आणि बसगाड्या चालविणारी कंपनी यांच्यात होणारा मुदतबंद करार. या करारान्वये मार्ग, वेळापत्रक आणि भाडे ठरविण्याचा अधिकार सामान्यतः प्राधिकरणाकडे राहतो; गाड्या, चालक व देखभाल पुरविण्याची जबाबदारी कंत्राटदाराकडे जाते. सेवा कशी असावी आणि ती कोणी द्यावी, हे दोन प्रश्न अशा रीतीने वेगळे केले जातात.

नगर बससेवा केवळ तिकिटांच्या उत्पन्नावर चालणे बहुतेक शहरांत कठीण असते. सकाळ-संध्याकाळच्या गर्दीसाठी ज्या गाड्या व जे कर्मचारी लागतात, त्यांना दुपारी पुरेसे काम नसते. विरळ वस्तीचे मार्ग, पहाटेच्या व रात्री उशिराच्या फेऱ्या, तसेच विद्यार्थी, ज्येष्ठ नागरिक व अपंग यांना द्यावयाच्या सवलती यांचा खर्च भाड्यातून भरून निघत नाही. तरीही या सेवा शहराच्या जीवनासाठी आवश्यक असतात. म्हणून तूट कोणी व किती सोसावी, हा अशा कोणत्याही कंत्राटाचा गाभा ठरतो. कंत्राटदाराला पैसे कशाबद्दल मिळतात, यावर रस्त्यावरील बस कशी चालते हे बव्हंशी अवलंबून असते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : शहराने खाजगी कंपनीशी करार करून सार्वजनिक वाहतूक उपलब्ध करून घेण्याची पद्धत बसपेक्षा जुनी आहे. मुंबईत बाँबे ट्रामवे कंपनीची घोड्यांची ट्राम ९ मे १८७४ रोजी सुरू झाली. कुलाबा ते पायधुणी आणि बोरीबंदर ते पायधुणी हे तिचे पहिले मार्ग होत. १९०५ मध्ये मुंबई महानगरपालिकेशी झालेल्या करारान्वये वीजपुरवठा व विजेची ट्राम यांचे हक्क बाँबे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनीला मिळाले. विजेवरील पहिली ट्राम ७ मे १९०७ रोजी धावली. याच कंपनीने १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट या मार्गावर मुंबईतील पहिली बससेवा सुरू केली. करारात ठेवलेल्या खरेदीच्या हक्काचा उपयोग करून महानगरपालिकेने ७ ऑगस्ट १९४७ रोजी हा व्यवसाय ताब्यात घेतला आणि कंपनीचे रूपांतर ‘बेस्ट’ या महापालिकीय उपक्रमात झाले. पुण्यातही खाजगी कंपनीकडे असलेली शहर बससेवा १९५० मध्ये स्थानिक नागरी संस्थेकडे आली.

या जुन्या करारांचे स्वरूप मक्तेदारीच्या सनदेसारखे होते. कंपनीने स्वतःचे भांडवल घालावे, प्रवाशांकडून भाडे घेऊन नफा मिळवावा आणि ठराविक काळानंतर मालमत्ता विकत घेण्याची मुभा नगरपालिकेला द्यावी, अशी त्यांची रचना असे. विसाव्या शतकाच्या मध्यास अनेक देशांत अशा कंपन्या सार्वजनिक मालकीत आल्या. पुढे सार्वजनिक उपक्रमांची तूट वाढू लागली, तेव्हा मालकी व नियोजन सार्वजनिक ठेवून प्रत्यक्ष वाहतूक कंत्राटाने करून घेण्याचा विचार पुढे आला. आधुनिक कंत्राटपद्धतीचा उगम त्यात आहे.

ब्रिटनमध्ये या पद्धतीची दुसरीशी तुलना करण्याची संधी एकाच वेळी मिळाली. लंडनमध्ये १९८४ च्या कायद्यानंतर १९८५ पासून एकेका मार्गासाठी निविदा मागविण्यास प्रारंभ झाला; मार्ग, वेळापत्रक व भाडे यांवरील नियंत्रण मात्र सार्वजनिक प्राधिकरणाकडेच राहिले. लंडनबाहेरील ब्रिटनमध्ये १९८५ च्या वाहतूक अधिनियमान्वये २६ ऑक्टोबर १९८६ पासून बसव्यवसाय नियंत्रणमुक्त करण्यात आला. तेथे कंपन्यांनी फायद्याचे मार्ग स्वतः निवडावेत व उरलेल्या आवश्यक मार्गांपुरते स्थानिक प्राधिकरणांनी साहाय्य द्यावे, अशी व्यवस्था होती. त्यानंतरच्या काळात लंडनमधील बसप्रवास वाढला, तर नियंत्रणमुक्त महानगरी भागांत तो घटत गेला. या फरकास लोकसंख्या, मोटारींचा वापर व सार्वजनिक अर्थसाहाय्य हीही कारणे होती. तथापि एकाच तिकिटावर सर्व गाड्यांतून प्रवास, जुळणारी वेळापत्रके आणि स्थिर मार्ग हे लंडनच्या पद्धतीचे लाभ ठळकपणे दिसून आले. २०१७ च्या बससेवा अधिनियमाचा आधार घेऊन बृहन् मँचेस्टरने २४ सप्टेंबर २०२३ पासून टप्प्याटप्प्याने कंत्राटपद्धती स्वीकारली व ५ जानेवारी २०२५ रोजी हे स्थित्यंतर पूर्ण झाले.

कंत्राटाचे प्रकार : तिकिटांचे उत्पन्न कोणाकडे जाते यावरून कंत्राटांचे दोन मुख्य प्रकार पडतात. पहिल्या प्रकारास स्थूल परिव्यय कंत्राट म्हणतात. त्यात सर्व भाडे प्राधिकरणाकडे जमा होते आणि कंत्राटदाराला धावलेल्या प्रत्येक किलोमीटरमागे किंवा सेवेच्या तासामागे ठरलेला दर मिळतो. दुसरा प्रकार निव्वळ परिव्यय कंत्राटाचा होय. त्यात भाडे कंत्राटदार ठेवतो; अपेक्षित उत्पन्न खर्चापेक्षा कमी असल्यास प्राधिकरण त्याला ठराविक रक्कम देते, जास्त असल्यास कंत्राटदारच प्राधिकरणाला अधिमूल्य देतो.

एका काल्पनिक उदाहरणाने हा फरक स्पष्ट होईल. समजा, एक मार्ग १२ किमी. लांबीचा आहे आणि त्यावर एक बस दिवसाला १६ खेपा करते. तिचे एकूण धावणे १९२ किमी. होते. दर किमी.ला ६० रु. खर्च धरल्यास दिवसाचा खर्च ११,५२० रु. होईल. प्रत्येक खेपेस सरासरी ४५ प्रवासी व प्रत्येकी सरासरी १० रु. भाडे धरल्यास उत्पन्न ७,२०० रु. येते, म्हणजे ४,३२० रु. तूट राहते. आता प्रवासी एकपंचमांशाने घटले, तर उत्पन्न ५,७६० रु.वर येते आणि तूट १,४४० रुपयांनी वाढते. स्थूल परिव्यय कंत्राटात ही वाढीव तूट शहराच्या माथी बसते. निव्वळ परिव्यय कंत्राटात ती कंत्राटदाराला सोसावी लागते.

या मार्गावरील रात्रीच्या शेवटच्या खेपेत सहाच प्रवासी असतील, तर तिचे उत्पन्न ६० रु. आणि खर्च ७२० रु. होईल. भाड्यावर अवलंबून असणाऱ्या कंत्राटदाराचा कल ती खेप गाळण्याकडे राहील आणि त्या सहा जणांना घरी पोहोचण्याचे साधन उरणार नाही. किलोमीटरमागे पैसे मिळणाऱ्या कंत्राटदाराला तीच खेप करण्यात हित वाटेल. परंतु थांब्यावर उभ्या असलेल्या प्रवाशांना घेण्यासाठी गाडी थांबविण्यात त्याचा काही लाभ नसतो. बस धावते पण प्रवासी मागे राहतात, हा पहिल्या प्रकारातील धोका. गर्दीच्या वेळी बस भरून वाहते पण एरवी येतच नाही, हा दुसऱ्यातील. म्हणून बहुतेक अनुभवी प्राधिकरणे किलोमीटरच्या दराला वक्तशीरपणा, स्वच्छता, सुरक्षितता व प्रवासीसंख्या यांच्याशी निगडित बक्षिसे आणि दंड यांची जोड देतात.

यांखेरीज गाड्यांच्या मालकीवरूनही भेद केला जातो. गाडी, चालक, इंधन व देखभाल हे सर्व कंत्राटदार पुरवीत असल्यास त्या पद्धतीस मुंबईत भाडेतत्त्वावरील बस किंवा ‘वेट लीज’ म्हणतात. तेथे वाहक उपक्रमाचा किंवा कंत्राटदाराचा असू शकतो. गाड्या व आगारे सार्वजनिक मालकीची ठेवून केवळ चालविण्याचे काम कंत्राटाने देणे, हा आणखी एक प्रकार होय.

प्रमुख कलमे : कंत्राटात मार्ग, फेऱ्यांची वारंवारता, गाडीचा प्रकार व तिची कमाल वयोमर्यादा नमूद केलेली असते. प्रत्येक बसमागे किमान किती किलोमीटरचे काम दिले जाईल, याची हमी प्राधिकरण देते. कारण काम न मिळाल्यासही गाडीच्या कर्जाचे हप्ते व चालकांचे वेतन चालूच राहते. आगारापासून पहिल्या थांब्यापर्यंतचे रिकामे धावणे हिशेबात धरावयाचे की नाही, हेही स्पष्ट लिहावे लागते. ते संदिग्ध राहिल्यास वाद उद्‌भवतात.

कंत्राटाची मुदत गाडीच्या आयुष्याशी जुळवावी लागते. मुदत फार अल्प असल्यास कंत्राटदार नव्या गाड्यांत भांडवल गुंतवीत नाही. फार दीर्घ असल्यास स्पर्धेचा धाक राहत नाही. यूरोपीय संघाच्या २००७ च्या विनियमानुसार बससेवेच्या कंत्राटाची मुदत सामान्यतः दहा वर्षांपर्यंत मर्यादित करण्यात आली आहे. दीर्घ मुदतीच्या कंत्राटात दरवाढीचे सूत्र अटळ असते. इंधन, वेतन व सामान्य किंमती यांच्या निर्देशांकांशी दर निगडित केला जातो. असे सूत्र नसल्यास कंत्राटदार सुरुवातीलाच दर फुगवितो किंवा महागाई वाढताच सेवा सोडून देतो.

देयकाची शाश्वती हे कलम अनेकदा दुर्लक्षिले जाते. शहराकडून पैसे महिनोन्‌महिने थकल्यास त्याचा पहिला फटका गाड्यांच्या देखभालीला व चालकांच्या पगाराला बसतो. म्हणून काही कंत्राटांत तिकिटांचे उत्पन्न एका स्वतंत्र विश्वस्त खात्यात जमा करून त्यातून कंत्राटदाराचे देयक प्रथम भागविण्याची तरतूद असते. याउलट कंत्राटदाराने अनामत ठेवावी, ठराविक प्रमाणापेक्षा अधिक फेऱ्या रद्द झाल्यास दंड भरावा आणि मुदतीपूर्वी काम सोडल्यास अनामत जप्त व्हावी, अशी कलमे शहराच्या संरक्षणासाठी असतात. उपग्रहाधारित स्थाननिश्चिती व यांत्रिक तिकीटविक्री यांमुळे प्रत्येक बस कोठे, केव्हा धावली याची नोंद आता सहज मिळते. मात्र ती पाहणारे तज्ञ कर्मचारी प्राधिकरणाकडे नसल्यास दंडाचे कलम कागदावरच राहते.

परदेशांतील अनुभव : लंडनने प्रारंभी स्थूल परिव्यय कंत्राटे दिली, १९९० नंतरच्या दशकात काही काळ निव्वळ परिव्यय कंत्राटे वापरली व पुन्हा पहिल्या प्रकाराकडे वळून २००१ पासून त्यांना गुणवत्तेनुसार बक्षीस व कपात यांची जोड दिली. बसगाड्या सतत येणाऱ्या मार्गावर प्रवाशाला वेळापत्रकापेक्षा किती अधिक वाट पाहावी लागली, हे तेथे मोजले जाते. उत्तम सेवा देणाऱ्या कंत्राटदारास मुदतवाढही मिळू शकते.

कोलंबियातील बोगोटा शहरात प्रवासी मिळविण्यासाठी खाजगी बसचालकांत चालणाऱ्या शर्यतीला स्थानिक लोक ‘पैशाची लढाई’ अशा अर्थाच्या नावाने ओळखत. चालकाची कमाई प्रवाशांच्या संख्येवर अवलंबून असल्याने थांब्यावर रेंगाळणे, पुढच्या बसला मागे टाकणे व भर रस्त्यात प्रवासी घेणे हे नित्याचे झाले होते. डिसेंबर २००० मध्ये सुरू झालेल्या ‘ट्रान्समिलेनिओ’ या जलद बसव्यवस्थेच्या मुख्य मार्गांवर कंत्राटदारांना प्रामुख्याने धावलेल्या किलोमीटरवर मोबदला देण्यात येऊ लागला व तेथे ही शर्यत थांबली. चिलीची राजधानी सांत्यागो येथे १० फेब्रुवारी २००७ रोजी सर्व शहराची बससेवा एकदम नव्या कंत्राटांवर नेण्यात आली. आरंभीच्या कंत्राटांत कंत्राटदारांच्या उत्पन्नाला मोठे संरक्षण होते. पुरेशा गाड्या रस्त्यावर आणण्याची निकड त्यांना भासली नाही, देखरेखीची साधनेही सज्ज नव्हती. थांब्यांवर रांगा लागल्या आणि मेट्रो रेल्वेत असह्य गर्दी झाली. पुढे कंत्राटे बदलून प्रवासी व किलोमीटर या दोहोंवर मोबदला आधारण्यात आला.

सिंगापूरने २०१६ मध्ये संपूर्ण बससेवा कंत्राटपद्धतीवर आणली. तेथे आगारे व गाड्या शासनाने स्वतःच्या मालकीत घेतल्या. त्यामुळे ज्याच्याजवळ जागा व गाड्या नाहीत, अशा नव्या कंपनीसही निविदा भरता येते. महानगरांत आगारासाठी जमीन मिळणे दुरापास्त असल्याने ज्याच्या ताब्यात आगार त्याच्याच हाती मार्ग, अशी स्थिती सहज उत्पन्न होते. सार्वजनिक मालकीच्या आगारांमुळे तिला आळा बसतो.

भारतातील स्थिती : भारतात दीर्घकाळ एकतर सार्वजनिक उपक्रम किंवा टप्पा वाहतुकीचा परवाना घेतलेला खाजगी बसमालक अशा दोनच पद्धती प्रचलित होत्या. परवाना हा कंत्राटाहून वेगळा असतो. त्यात मार्ग चालविण्याची मुभा मिळते, परंतु सेवेबद्दल शहर काहीच मोबदला देत नाही. दिल्लीत १९९२ पासून ‘रेडलाइन’ व पुढे ‘ब्लूलाइन’ या नावांनी चाललेल्या खाजगी गाड्या परवान्यावर धावत. प्रवाशांसाठी त्यांच्यात लागणारी चढाओढ व तीतून होणारे प्राणांतिक अपघात यांमुळे ती पद्धत बंद करण्यात आली. तिच्या जागी २०११ पासून मार्गांचे समूह करून किलोमीटरमागे मोबदला देणारी कंत्राटे आली.

इंदूरमध्ये महानगरपालिका व विकास प्राधिकरण यांनी मिळून स्थापन केलेल्या कंपनीने २००६ पासून खाजगी कंत्राटदारांकरवी बससेवा सुरू केली. तेथील आरंभीच्या कंत्राटांत भाडे कंत्राटदाराकडे जाई व मार्गाच्या हक्काबद्दल तो कंपनीला अधिमूल्य देई. अहमदाबादच्या ‘जनमार्ग’ या २००९ मध्ये सुरू झालेल्या जलद बसव्यवस्थेने किलोमीटरमागे मोबदल्याचा मार्ग पत्करला. पुणे व पिंपरी-चिंचवड येथील दोन परिवहन उपक्रमांचे २००७ मध्ये एकत्रीकरण होऊन स्थापन झालेल्या महामंडळानेही स्वतःच्या गाड्यांबरोबर कंत्राटी गाड्या वापरल्या.

मुंबईत बेस्ट उपक्रमाने वाढत्या तुटीवर उपाय म्हणून भाडेतत्त्वावर गाड्या घेण्याचे धोरण स्वीकारले. जुलै २०१९ मध्ये किमान भाडे ५ रु. करण्यात आले, तेव्हा गाड्यांची वाढती गरज अशा कंत्राटांतून भागविण्याची योजना होती. त्यानंतरच्या वर्षांत उपक्रमाच्या स्वतःच्या गाड्या वयोमानाने मोडीत निघत गेल्या, कंत्राटी गाड्यांचा वाटा वाढत गेला आणि काही कंत्राटदारांनी तोट्याचे कारण देऊन मुदतीपूर्वीच अंग काढून घेतले. परिणामी अनेक मार्गांवर फेऱ्या विरळ झाल्या. मे २०२५ मध्ये किमान भाडे साध्या बससाठी १० रु. करण्यात आले. स्वतःचा ताफा फार घटल्यास कंत्राटदाराने काम सोडताच सेवा सावरण्याचे साधन शहराकडे उरत नाही, हे या अनुभवाने दाखविले.

विजेवर चालणाऱ्या बसगाड्यांमुळे कंत्राटपद्धतीचे महत्त्व वाढले आहे. अशा गाडीची खरेदीकिंमत अधिक, परंतु चालविण्याचा खर्च कमी असतो. म्हणून तिची कंत्राटे दीर्घ मुदतीची व प्रतिकिलोमीटर दराची असतात. २०२२ मध्ये दिल्ली, कोलकाता, बंगळूर, हैदराबाद व सुरत या पाच शहरांसाठी ५,४५० विद्युत बसगाड्यांची एकत्रित निविदा काढण्यात आली. मागणी एकत्र केल्याने दर उतरतात, असे तीत आढळले. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र शासनाने शहरांत १०,००० विद्युत बसगाड्या खाजगी भागीदारीने चालविण्याची ‘पीएम-ई-बस सेवा’ योजना मंजूर केली. देयके थकण्याच्या भीतीने कंपन्या व बँका मागे राहत असल्याने सप्टेंबर २०२४ मध्ये ३,४३५ कोटी रुपयांची देयक-सुरक्षा योजना मंजूर झाली. तीनुसार प्राधिकरणाने पैसे न दिल्यास ते निधीतून दिले जातात व मागाहून वसूल केले जातात.

कामगारांचा प्रश्न : बससेवेच्या खर्चात वेतनाचा वाटा मोठा असतो. सर्वांत कमी दर सांगणाऱ्यास काम, हाच निकष असल्यास काटकसर प्रथम वेतनातच केली जाते. एकाच आगारातून निघणाऱ्या, एकाच मार्गावर धावणाऱ्या दोन गाड्यांच्या चालकांच्या वेतनात मग मोठी तफावत पडते. ऑगस्ट २०२३ मध्ये मुंबईतील कंत्राटी बसचालकांनी वेतनवाढ व अन्य मागण्यांसाठी सु. एक आठवडा काम बंद ठेवले, तेव्हा शहरातील बससेवा विस्कळीत झाली. कंत्राटदाराने वेतन न दिल्यास ते मुख्य मालकाने द्यावे व कंत्राटदाराकडून वसूल करावे, हे तत्त्व भारतीय कायद्यात १९७० च्या कंत्राटी कामगार अधिनियमाने आणले होते. काही देशांत कंत्राटदार बदलला तरी कर्मचाऱ्यांची नोकरी व सेवाशर्ती नव्या कंत्राटदाराकडे अबाधित जातात; लंडनमधील मार्गांच्या हस्तांतरणातही ही पद्धत आढळते. निविदेतच किमान वेतनश्रेणी व विश्रांतीचे तास निश्चित केल्यास स्पर्धा वेतनावर न होता व्यवस्थापनाच्या कौशल्यावर होते.

मूल्यमापन : कंत्राटपद्धतीमुळे खर्च उघड होतो, कामगिरीचे मोजमाप शक्य होते व अकार्यक्षम संस्थेस बदलता येते. परंतु निविदाकारांची संख्या कमी झाल्यास किंवा त्यांनी परस्परांत संगनमत केल्यास हा लाभ नाहीसा होतो. बससेवेची तूट कंत्राटाने नष्ट होत नाही; ती कोणाच्या खाती पडावी एवढेच ठरते. ती कंत्राटदारावर अवाजवी लादल्यास शेवटी गाळलेल्या फेरीच्या रूपाने प्रवाशाला किंवा अपुऱ्या वेतनाच्या रूपाने चालकाला ती सोसावी लागते. म्हणून ज्या शहराने नियोजन, देखरेख व आगारे स्वतःकडे ठेवली आहेत, देयके वेळेवर देण्यासाठी निश्चित निधी राखला आहे आणि काही गाड्या स्वतः चालविण्याची क्षमताही टिकविली आहे, तेथेच ही पद्धत सामान्यतः यशस्वी होते.